शिशाची माती: उचलायची की जागीच बांधायची?

शिसं गाळणाऱ्या, आता बंद पडलेल्या भट्टीभोवतीच्या जमिनीतलं शिसं सहसा खोल झिरपत नाही, वरच्या वीतभर मातीलाच चिकटून राहतं. म्हणून ती माती खरवडून नवी भरणं हा सरळ उपाय. पण खर्च दांडगा, खोदताना धूळ उडते (पाणी मारत राहावंच लागतं) आणि काढलेली माती कुठेतरी पुरावी लागतेच.

मातीत फॉस्फेट (खतातलं) मिसळून शिसं जागीच बांधणं स्वस्त. त्यातून पायरोमॉर्फाइट हे जवळजवळ न विरघळणारं खनिज बनतं. माती पोटात गेली तरी शिसं रक्तात कमी उतरतं. मात्र चाचणीत एकूण शिसं तेवढंच दिसणार. शिवाय अशा मातीत बऱ्याचदा आर्सेनिकही असतं, आणि फॉस्फेट नेमकं त्यालाच मोकळं करू शकतं.

मुलं खेळतात त्या अंगणात मी खोदकामच निवडेन. आर्सेनिक नसलेल्या ओसाड माळावर फॉस्फेट आणि वर दाट गवत चालेल.