बर्डीच्या प्रिंटवाल्याने आधी धूळ पुसली, मग नीट काढून दिली

पोरीच्या अभ्यासाच्या टेबलावर लावायला आयसी २२२० चा मोठा प्रिंट पाहिजे होता, टोबी जग (कानवालं भांडं) म्हणतात तो नेब्युला, म्हणजे अवकाशातला वायू-धुळीचा ढग, २०२३ मध्ये चिलीतल्या जेमिनी साऊथ दुर्बिणीचा फोटो आला होता तोच. १२०० प्रकाशवर्षं दूर आहे अन् नागपुरातून दक्षिणेला जेमतेम १० अंश वर येतो, त्यात शहराचा उजेड, म्हणून भिंतीवरच आणायचं ठरवलं. बर्डीवर एका गल्लीत पहिल्या माळ्यावर दुकान आहे, तिथं २४ बाय ३६ इंच मॅट पेपरवर १४०० रुपयांत टाकला.

पहिला प्रिंट पाहून जीव खट्टू झाला. काउंटरवरचा पोरगा म्हणे, "काका, लय दाणे दिसून राहिले होते, साफ करून देल्ले." साफ म्हणजे काय, ताऱ्याभोवतीचे धुळीचे पदर गुळगुळीत, मागचे बारीक तारे गायब, मधोमध नुसता केशरी गोळा. अहो त्या फोटोत धूळच तर पाहायची आहे! मधला तारा सूर्याच्या पाचपट वजनाचा, वय ५ कोटी वर्षांच्या आसपास, आपला सूर्य ४६० कोटींचा होऊनही ठणठणीत आहे पण वजनदार तारा इंधन भराभर जाळतो, म्हणून हा आत्ताच फुगून लाल झाला, मरणपंथाला लागला अन् अंगावरचे थर बाहेर फेकून राहिला. त्यातनंच ही धूळ बनते, तिच्यावर त्याचाच उजेड पडून परततो तेव्हा कुठं आपल्याला ती दिसते.

हे सगळं मालकांना सांगितलं. भल्या माणसानं फाईल पूर्ण झूम करून घेतली, एका बाजूचा तो भांड्याच्या कानासारखा वळसा बोटानं फिरवून पाहिला, फिल्टर काढून टाकला अन् दुसरा प्रिंट फुकट दिला. आता वळशातला एकेक धागा सुटा दिसते, पोरगी नाक लावून पाहत बसते.

मॅटवर काळा रंग जरा करडा येते, आकाशाचा फोटो असेल तर लस्टर पेपर (किंचित चकाकणारा) मागा. फाईल पेन ड्राइव्हवर न्या, व्हॉट्सअ‍ॅपवर दाबली जाते, आणि आधीच सांगून ठेवा की काहीच साफ करू नका.