ठाणे स्टेशन: फास्टमधून उतरून दहा नंबर गाठताना (आठ महिन्यांचा अनुभव)

ऑफिस नवी मुंबईत ऐरोलीला गेलं आणि ठाणे माझं रोजचं गाडी बदलायचं स्टेशन झालं. कल्याणच्या बाजूने फास्टने येते, पाच-सहाच्या फलाटावर उतरते, जिना चढून नऊ-दहावर ट्रान्सहार्बर (ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी लोकल) पकडते. एरवी पाच मिनिटं पुरतात, सकाळी नऊच्या सुमारास मात्र दहा धरून चाला. पास एकच, ठाणेमार्गे काढायचा. मी अज्ञानात पहिले काही दिवस दोन वेगळी तिकिटं काढत होते.

सगळ्यात मोठा फरक पाच-सहाच्या फलाटाचा. 2024 च्या मेअखेरीस 63 तासांचा ब्लॉक घेऊन इथला रूळ बाजूला सरकवला आणि तयार काँक्रीटचे ठोकळे बसवून फलाट दोन-तीन मीटरने रुंद केला. कॉलेजात असताना दोन्ही बाजूंना एकदम गाड्या लागल्या की मी बॅग छातीशी धरून खांबाला चिकटून उभी राहायचे. आता तशाच गर्दीतून चालत जिन्यापर्यंत पोचते. दोन-तीन मीटर ऐकायला कमी वाटतात, पण पावसाळ्यात छत्र्या मिटत माणसं उतरतात तेव्हा त्यांची किंमत कळते. जिन्यावर मात्र गर्दी पुन्हा दाटते. तिथे घाई करू नका, कठडा धरून चढा.

16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून इथेच आली. 14 डबे, सुमारे 400 पाहुणे, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, अंतर 34 किलोमीटर. पुढे कल्याणपर्यंत गाडी गेली ती मे 1854 मध्ये. म्हणजे वर्षभर रेल्वे ठाण्यातच संपायची. दहा नंबरवर उभी असले की हे हमखास आठवतं, कारण 2004 पासून ट्रान्सहार्बरसाठी ठाणे पुन्हा टोकाचं स्टेशन झालंय. रिकामी झालेली गाडी समोर उभी असते, चढा आणि बसा. कल्याणहून लोंबकळत आलेल्या बाईला खिडकी मिळणं ही केवढी गोष्ट आहे! वाशी, नेरुळ की पनवेल, तेवढं इंडिकेटरवर बघून घ्या. ऐरोलीला तिन्ही चालतात, मध्ये आता दिघा गाव लागतं.

पश्चिमेला जाणाऱ्यांनी खाली उतरूच नये. पुलावरून थेट सॅटिसवर, म्हणजे स्टेशनबाहेरच्या उंचावरच्या बसमार्गावर जाता येतं आणि टीएमटीच्या (ठाणे महापालिकेच्या) बस तिथूनच मिळतात.

परतताना सीएसएमटीहून येणाऱ्या फास्टमध्ये शिरणं कठीण जातं. त्यापेक्षा ठाण्याहून सुटणाऱ्या कर्जत किंवा कसारा लोकलची वेळ पाठ करा. अशा गाड्या मोजक्याच आहेत, पण माझी संध्याकाळची वेळ मी त्यातल्याच एकीवर बसवली आहे.