विंडोजवर युनिक्सची हत्यारं: गिट बॅश, सिगविन, एमसिस-२ की डब्ल्यूएसएल?

विंडोज सोडायचं नाही, पण मजकूर शोधणारं ग्रेप, तो बदलणारं सेड, त्यातले रकाने हाताळणारं ऑक आणि टाइप केलेल्या कमांड चालवणारं बॅश ही मंडळी हाताशी हवीत, असं कुणी म्हणालं की लोक डोळे झाकून ‘डब्ल्यूएसएल टाक’ सांगतात, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची मायक्रोसॉफ्टची सोय. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. आधी दोन गोष्टी ठरवा. तुमच्या फाइली कुठे राहणार आहेत? आणि जे काही बनवणार आहात ते शेवटी विंडोजवर चालायचंय की लिनक्स सर्व्हरवर? एवढं ठरलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

त्याआधी एक: २०१८ पासून नेटवरून फाइल आणणारं कर्ल, फाइली एकत्र बांधणारं टार आणि दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून देणाऱ्या ओपनएसएसएचचा क्लायंट विंडोजबरोबरच येतात. सर्व्हरवर लॉगिन करून तिथेच काम करणार असाल तर काहीही टाकू नका. विंडोजची कमांड खिडकी म्हणजे पॉवरशेल उघडा आणि एसएसएच करा.

गिट बॅश: बहुतेकांकडे आधीच असतं

गिट फॉर विंडोज (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटची विंडोज आवृत्ती) टाकलं की बॅश, ग्रेप, सेड, ऑक, पर्ल, व्हिम असा संसार सोबत येतो. ॲडमिनचे अधिकार नसले तरी स्वतःच्या खात्यापुरतं ते बसवता येतं, त्यामुळे कंपनीच्या लॅपटॉपवर बऱ्याचदा हाच एक मार्ग उरतो. लॉगमधून चुका शोधणं, शंभर फाइलींची नावं एका झटक्यात बदलणं, छोटी स्क्रिप्ट चालवणं यासाठी पुरेसं आहे. पण मेक, आरसिंक, टीमक्स अशी इतर हत्यारं मागितलीत की हात वर! आणि नवीन पॅकेज टाकण्याची सोयही नाही.

याची एक खोड माहीत असू द्या. विंडोजचा प्रोग्रॅम चालवताना तुम्ही तिरप्या रेघेने सुरू होणारा मार्ग दिलात, की गिट बॅश परस्पर त्याचा विंडोजमधला मार्ग करून टाकतं. डॉकरला (प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या बंदिस्त खोक्यात चालवणारं साधन) सांगायचं असतं ‘कंटेनरमधलं डेटा फोल्डर’, आणि त्याच्यापर्यंत पोचतं ‘सी ड्राइव्ह, प्रोग्रॅम फाइल्स, गिट, डेटा’. चूक डॉकरची वाटते आणि माणूस तिकडेच शोधत बसतो. मार्गाच्या सुरुवातीला एकाऐवजी दोन तिरप्या रेघा दिल्या की बहुतेक वेळा भागतं.

सिगविन आणि एमसिस-२

दोघांचं रक्त एकच आहे. सिगविन १९९५ मध्ये सिग्नस कंपनीत सुरू झालं, पुढे ती कंपनी रेड हॅटने घेतली. त्याची युक्ती अशी, की युनिक्सच्या सिस्टिम कॉलना (प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेल्या मागण्यांना) विंडोजच्या भाषेत उत्तर देणारी एक डीएलएल, म्हणजे सामायिक कोडची फाइल, मध्ये बसवायची आणि प्रोग्रॅम तिच्यावर नव्याने कंपाइल करायचे. म्हणजे हे व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा नकली संगणक) नव्हे. प्रोग्रॅम विंडोजचेच असतात, तुमच्या सी ड्राइव्हवरच्या फाइली थेट वाचतात, रॅमही वेगळी अडवून ठेवत नाहीत.

किंमत मोजावी लागते ती वेगात. युनिक्समध्ये नवा प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) ‘फोर्क’ने, म्हणजे आधीच्या प्रोसेसची नक्कल करून, जन्मतो आणि बॅश तर त्यावरच जगतं. विंडोजमध्ये सिगविनला हवा तसा फोर्क नाही, त्यामुळे त्याला तो ओढूनताणून घडवावा लागतो. दहा हजार ओळींच्या फाइलवर लूप फिरवून प्रत्येक ओळीसाठी ग्रेप आणि कट बोलावलंत, की वीस हजार प्रोसेस जन्माला येणार आणि तुमचा चहा पिऊन होणार. तेच काम ऑकच्या एका कमांडमध्ये केलं तर प्रोसेस एकच लागतो. गिट बॅशलाही हे लागू आहे, कारण ते एमसिस-२ वर उभं आहे आणि एमसिस-२ सिगविनमधूनच फुटलेलं.

एमसिस-२ चा रोख मात्र वेगळा. त्यात आर्च लिनक्सचा पॅकमॅन हा पॅकेज मॅनेजर (प्रोग्रॅम उतरवून बसवणारं साधन) आहे, आणि त्याच्या यूसीआरटी-६४ या वातावरणात कंपाइल केलेला सी किंवा सी++ प्रोग्रॅम अस्सल विंडोजचा बनतो, त्याला मधली डीएलएल लागत नाही. गिंप आणि इंकस्केपच्या विंडोज आवृत्त्या असल्याच वातावरणात बांधल्या जातात. सिगविनवर बांधलेला प्रोग्रॅम मित्राला दिलात तर ती डीएलएलही सोबत द्यावी लागते. म्हणून विंडोजसाठी काही बनवायचं असेल तर माझं मत सरळ एमसिस-२ ला. नव्याने सुरू करणाऱ्याने सिगविन तेव्हाच घ्यावं, जेव्हा जुन्या स्क्रिप्ट त्यावरच बेतलेल्या आहेत.

डब्ल्यूएसएल: खरं लिनक्स, पण वेगळी चूल

मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये आणलेली पहिली आवृत्ती लिनक्सचे सिस्टिम कॉल विंडोजच्या कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) समजावून सांगायची. २०२० मध्ये सर्वांपर्यंत आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत हा खटाटोप सोडून दिला आणि हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्सचा खराखुरा कर्नलच बसवला. विंडोजच्या होम आवृत्तीवरही ती चालते. मात्र बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू हवं आणि पहिल्यांदा बसवताना ॲडमिनचे अधिकार हवेत. बसवायला एक कमांड पुरते, काही वेगळं सांगितलं नाही तर उबुंटू हे लिनक्सचं वितरण मिळतं. डॉकर, सेवा चालू-बंद करणारं सिस्टिमडी, पायथनची सगळी लायब्ररी मंडळी सर्व्हरवर जशी वागतात तशीच इथे वागतात.

आता फाइलींचा प्रश्न. लिनक्सची स्वतःची डिस्क म्हणजे विंडोजवरची एक मोठी फाइल असते, आणि तिच्या आत ईएक्सटी-४ फाइलसिस्टिम. त्या आतल्या फाइलींवर काम झपाट्याने होतं. पण प्रोजेक्ट डेस्कटॉपवर ठेवून लिनक्समधून त्यात शिरलात, तर प्रत्येक फाइलसाठी दोन व्यवस्थांमधली भिंत ओलांडावी लागते. एक मोठी फाइल असेल तर जाणवत नाही. नोडचं मॉड्यूल फोल्डर किंवा हजारो फाइलींची गिट रेपॉझिटरी असली, की काय बदललं ते सांगणारं साधं गिट स्टेटसही रेंगाळतं. ‘डब्ल्यूएसएल फार स्लो आहे’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच निघतं. उपाय म्हणजे प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवा, विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमधून तिथे डोकावता येतं. फाइली विंडोजवरच ठेवणं भाग असेल तर पहिली आवृत्ती अजून उपलब्ध आहे आणि या एका बाबतीत दुसरीपेक्षा वेगवान आहे, पण डॉकर तिथे विसरा.

रॅमचं गणितही पाहून घ्या. दुसरी आवृत्ती विंडोजच्या एकूण रॅमपैकी निम्म्यापर्यंत घेऊ शकते. आठ जीबीच्या लॅपटॉपवर क्रोमच्या वीस टॅब आणि डब्ल्यूएसएल एकत्र नांदत नाहीत. तुमच्या विंडोज खात्याच्या फोल्डरमध्ये डब्ल्यूएसएलकॉन्फिग नावाची (नावाच्या सुरुवातीला टिंब) फाइल करून तीन जीबीची मर्यादा घाला. डिस्कची ती मोठी फाइलही वाढते, आतला पसारा पुसला तरी आपणहून आकसत नाही. आणि वितरण ‘अनरजिस्टर’ करण्याची कमांड दिलीत तर आतलं सगळं जातं, रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. आधी टार फाइलमध्ये एक्सपोर्ट करून ठेवा.

इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी आणखी एक: आर्डुइनोसारखी यूएसबीला जोडलेली वस्तू डब्ल्यूएसएलच्या दुसऱ्या आवृत्तीत थेट दिसत नाही, त्यासाठी यूएसबीआयपीडी हे वेगळं साधन लागतं. कंपनीचा व्हीपीएन लावल्यावर आतलं इंटरनेट गायब होण्याचा प्रकारही घडतो.

पूर्ण व्हर्च्युअल मशीन घ्यावं का? लिनक्सचा अख्खा डेस्कटॉप हवा असेल, कर्नल मॉड्यूल शिकायचे असतील किंवा मोडतोड करून मागच्या स्नॅपशॉटवर परतायचं असेल, तर जरूर. नुसत्या कमांड लाइनसाठी तो उगाच भार आहे.

मराठी मजकूर असेल तर

देवनागरीवर काम करणाऱ्यांना निवडीपेक्षा एन्कोडिंगच, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत, जास्त रडवतं. एक्सेलमधून साधी सीएसव्ही सेव्ह केली की नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात, ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडावं लागतं. ते निवडलं की फाइलच्या सुरुवातीला तीन न दिसणारे बाइट येतात आणि ‘ओळीच्या आरंभी अमुक शब्द’ असा ग्रेप पहिल्या ओळीवर फसतो. विंडोजबरोबर येणारं पॉवरशेल ५.१ ‘मोठं आहे’ (>) या चिन्हाने फाइल लिहितं ती यूटीएफ-१६ मध्ये, त्यामुळे तिच्यात ग्रेपला देवनागरी शब्द सापडत नाही. आधी एन्कोडिंग बदलणाऱ्या आयकॉन्व्हने रूपांतर करा.

यूटीएफ-८ लोकेल (भाषा आणि एन्कोडिंगचं सेटिंग) लावलेल्या बॅशमध्ये ‘मराठी’ हा शब्द मोजदाद करणाऱ्या डब्ल्यूसीला दिला तर बाइट १५ भरतात, अक्षरचिन्हं ५. अक्षरचिन्हंही १५च आली तर लोकेल चुकलंय असं समजा. टर्मिनलमध्ये जोडाक्षरं विस्कटलेली दिसली तर घाबरू नका, फाइल शाबूत असते. आणि गिटने मराठी फाइलनावाऐवजी ३४०, २४४ असे आकडे दाखवले, तर ‘कोअर कोटपाथ’ हे सेटिंग बंद करा. ते गिट बॅशमध्येही करावं लागतं आणि डब्ल्यूएसएलमध्येही, कारण दोन्हीकडचं गिट वेगळं आहे.