आरोग्य विमा: सगळ्यांचा मिळून की ज्याचा त्याचा?

व्हरमाँट हे अमेरिकेतलं जेमतेम साडेसहा लाख वस्तीचं राज्य. २०११ मध्ये तिथल्या विधिमंडळानं प्रत्येक रहिवाशासाठी एकच सार्वजनिक आरोग्य विमा आणायचा कायदा केला. गव्हर्नर पीटर शमलिन याच आश्वासनावर निवडून आले होते. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनीच ही योजना सोडून दिली. खर्चाचा हिशेब पूर्ण झाला, तेव्हा मालकांवर पगारखर्चाच्या ११.५ टक्के आणि कुटुंबांवर उत्पन्नाप्रमाणे ९.५ टक्क्यांपर्यंत नवा कर लावावा लागेल असं निघालं. तैवाननं हेच काम दोन कोटींहून जास्त लोकांसाठी १ मार्च १९९५ ला सुरू केलं होतं. तोवर तिथं दर दहांतल्या साधारण चार जणांकडे कोणताच विमा नव्हता. काही वर्षांतच ९० टक्क्यांहून जास्त लोक आत आले.

एकाला जमलं आणि दुसऱ्याला नाही, ते का? तैवानमध्ये कामगारांचा, सरकारी नोकरांचा, शेतकऱ्यांचा असे वेगवेगळे विमे आधीपासून होते. त्यांची एक मोट बांधली गेली, आणि पगारातून हप्ता कापला जायची लोकांना सवय होती. व्हरमाँटमधले लोकही पैसे भरतच होते, पण मालकामार्फत, विमा कंपनीला. तो पैसा कुणाच्या नजरेत भरत नव्हता. तोच पैसा कर म्हणून कागदावर आला तेव्हा डोंगराएवढा दिसला. या विषयावरच्या वादात सगळ्यात जास्त दिशाभूल इथंच होते असं मला वाटतं. नव्या कराची तुलना शून्याशी केली जाते. खरं तर ती आजच्या हप्त्याशी आणि आजारपणात खिशातून जाणाऱ्या पैशाशी व्हायला हवी.

आधी कशाची कशाशी तुलना?

वादात ‘सरकारी विमा’ आणि ‘खाजगी विमा’ असे दोनच गट पाडले जातात. प्रत्यक्षात वाटा चार आहेत. पहिली, ज्याला हवा त्यानं विकत घ्यायचा ऐच्छिक विमा, आणि गरीब व वृद्धांना सरकारची मदत. दुसरी, विमा सगळ्यांना सक्तीचा, पण देणाऱ्या कंपन्या किंवा निधी अनेक. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्स या वाटेवर आहेत. तिसरी, विमा एकच आणि सार्वजनिक, पण बरेचसे डॉक्टर आणि रुग्णालयं सरकारबाहेरची. कॅनडा, तैवान, दक्षिण कोरिया इथं बसतात. चौथी ब्रिटनची. ५ जुलै १९४८ पासून तिथं करातून पैसा येतो आणि बहुतेक रुग्णालयंही सार्वजनिकच आहेत. तिला विमा म्हणणं तसं चुकीचंच.

ठरवायला बसलेल्यानं पहिल्या वाटेची तुलना बाकीच्या तिघींशी आधी करावी, असा माझा आग्रह आहे. दुसरी की तिसरी हा प्रश्न त्यानंतरचा. लोक नेमके उलट्या क्रमानं भांडतात, ‘सरकार कार्यक्षम की कंपनी’ यावर तासन्‌तास घालवतात आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

ऐच्छिक विमा का गळतो

शंभर माणसांच्या गटाचा वर्षाचा उपचारांचा खर्च १,००० धरू. प्रत्येकानं १० भरले की भागलं. आता त्यातले चाळीस ठणठणीत लोक म्हणाले, ‘आम्हाला काय होतंय?’ आणि बाहेर पडले. खर्च फारसा घटला नाही, कारण तो आजाऱ्यांचा होता. उरलेल्या साठांवर प्रत्येकी जवळजवळ १७ चा बोजा आला. मग त्यातले पुढचे तुलनेनं निरोगी लोक गळतात आणि हप्ता आणखी चढतो. ही गळती थांबवायला विमा कंपनी आधीपासूनचे आजार वगळते, सुरुवातीची काही वर्षं दावा नाकारते, वय वाढलं की हप्ता वाढवते. तिच्या जागी भला माणूस बसवला तरी त्यालाही हेच करावं लागेल. बाजार जितका मोकळा, तितका विमा ज्याला खरोखर हवा त्याच्यापासून दूर जातो. माझ्या मते ऐच्छिक विम्याविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे.

सिंगापूरचं उदाहरण यासाठी बोलकं आहे, कारण वैयक्तिक जबाबदारीचा पुरस्कार करणारे नेहमी त्याचंच नाव घेतात. तिथं १९८४ मध्ये प्रत्येकाच्या नावावर वैद्यकीय बचत खातं सुरू झालं. मोठ्या आजारापुढं एकट्याची बचत पुरत नाही म्हणून १९९० मध्ये विमा आला, पण ज्याला नको त्याला बाहेर पडता येत होतं. २०१५ मध्ये तो सगळ्यांना सक्तीचा झाला, आधीपासून आजारी असलेल्यांनाही आत घेतलं गेलं. बचतीच्या विचारातून निघालेला देशही शेवटी सगळ्यांच्या एकत्र विम्यापाशीच आला.

सक्तीबाबत एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. अमेरिकेच्या २०१० च्या कायद्यानं आजारी माणसाला विमा नाकारायला बंदी घातली आणि न घेणाऱ्याला दंड ठेवला. २०१९ पासून हा दंड शून्यावर आला. बाजार कोसळेल अशी भीती होती, तो कोसळला नाही. हप्त्यासाठी सरकार देत असलेल्या मदतीनं लोकांना धरून ठेवलं. म्हणजे दंडाचा बडगाच हवा असं नाही. हप्ता परवडेल इतका खाली आणला तर माणसं आपण होऊन राहतात. पण ती मदतही सगळ्यांच्या करातूनच आली.

‘माझं आरोग्य, माझा निर्णय’

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. तरुण, निरोगी, कमी कमावणाऱ्या माणसाकडून पैसे घेऊन ते एखाद्या सुस्थितीतल्या वृद्धाच्या उपचारांवर खर्च होतात, तेव्हा त्याला राग येणं साहजिक आहे. पण त्याच तरुणाचा उद्या रस्त्यावर अपघात झाला, तर कोणताही समाज त्याला तिथं पडू देणार नाही. अमेरिकेतसुद्धा १९८६ च्या कायद्याप्रमाणे बहुतेक सर्व रुग्णालयांना, तातडीच्या रुग्णाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते, त्याच्याकडे पैसे असोत वा नसोत. तो खर्च मग दुसऱ्यांच्या बिलांत मिसळतो. विमा न घेण्याचं स्वातंत्र्य खरं, पण त्याची किंमत बरेचदा दुसराच कुणी मोजतो.

मात्र स्वातंत्र्याचा दुसरा अर्थ मला मान्य आहे. सरकारी विमा आहे म्हणून खाजगी उपचारांचं दार बंद करू नये. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात सरकारी विम्यात येणाऱ्या सेवांसाठी खाजगी विमा घ्यायला बंदी होती. २००५ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी ही बंदी फेटाळली. उपचारांच्या प्रतीक्षायादीत नाव असणं म्हणजे उपचार मिळणं नव्हे, हा त्यामागचा विचार होता. सगळ्यांना सक्तीनं आत घ्यायचं आणि वेळेत उपचारही द्यायचे नाहीत, या दोन गोष्टी एकत्र चालवणं अन्याय आहे.

बिल की रांग

सार्वत्रिक विम्याचे विरोधक रांगेकडे बोट दाखवतात आणि त्यांचं म्हणणं पोकळ नाही. ब्रिटनमधल्या इंग्लंडमध्ये ठरवून करायच्या उपचारांसाठी १८ आठवड्यांची मुदत आहे. हे उद्दिष्ट २०१६ नंतर गाठलं गेलेलं नाही, आणि २०२३ मध्ये यादीवर ताटकळणारे उपचार ७० लाखांच्या वर होते. गुडघा बदलायची वाट पाहत वर्षभर घरात बसलेल्या माणसाला ‘पण हे मोफत आहे’ हे ऐकवणं निर्दयपणाचं आहे.

पण रांग सार्वत्रिकतेमुळेच लागते का? जर्मनीत आणि जपानमध्येही सगळ्यांना विमा आहे, तिथं ब्रिटनसारखी रांग नाही. त्यांच्याकडे लोकसंख्येच्या मानानं रुग्णालयातल्या खाटा कितीतरी जास्त आहेत. डॉक्टर, परिचारिका, शस्त्रक्रियागृहं कमी आणि वर्षाचं बजेट आवळलेलं, की रांग लागणारच. विम्याचं कार्ड वाटणं सोपं आहे, भूलतज्ज्ञ तयार व्हायला मात्र दशक जातं.

आणि दुसरी रांग कुणी मोजतच नाही. पैशाअभावी डॉक्टरकडे गेलाच नाही, त्याचं नाव कोणत्याही यादीत नसतं. ऐच्छिक विम्याच्या देशात रांग छोटी दिसते, ती काही अंशी या न आलेल्यांमुळेही. दोन्हीकडे उपचारांचं वाटप होतंच. एकीकडे वेळ ठरवते, दुसरीकडे ऐपत. मला विचाराल तर वेळेची रांग मी पत्करेन, कारण ती दिसते. दिसते म्हणून तिच्यावर ओरडता येतं, आणि निवडणुकीत तिचा जाबही विचारता येतो.

खर्चाचं गणित

अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण १७ टक्के आरोग्यावर खर्च करते, तरी तिथं कोट्यवधी लोक विम्याबाहेर आहेत. जर्मनी, फ्रान्स, जपान हे सगळ्यांना आत घेऊन ११ ते १३ टक्क्यांच्या आसपास राहतात. मुख्य फरक दरांचा आहे. जपानमध्ये प्रत्येक तपासणीचा आणि शस्त्रक्रियेचा दर देशभर एकच असतो आणि साधारण दर दोन वर्षांनी तो नव्यानं ठरतो. अमेरिकेत एकाच स्कॅनचा दर कंपनीगणिक आणि रुग्णालयागणिक बदलतो, आणि हे दर ठरवणं, बिलं पाठवणं, दावे नाकारणं यातच माणसांची फौज खपते. तैवानच्या विम्याचा कारभार एकूण खर्चाच्या दोन टक्क्यांहून कमी पैशांत चालतो.

दर दाबले की त्याचीही किंमत येते. तैवानमधले डॉक्टर दिवसाला भरमसाट रुग्ण तपासतात, प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच मिनिटं. दक्षिण कोरियात विम्यातल्या सेवांचे दर कमी म्हणून रुग्णालयं विम्याबाहेरच्या सेवा पुढं करतात, आणि लोक त्यासाठी वर आणखी खाजगी पॉलिसी घेतात. ‘विम्यात सगळं येतं’ असं कुणी म्हटलं, तर त्याच्याकडे बाहेरच्या गोष्टींची यादी मागावी. कॅनडात डॉक्टर आणि रुग्णालय मोफत, पण रुग्णालयाबाहेर घ्यायच्या औषधांची हमी राष्ट्रीय कायद्यात नव्हती, आणि रोज गोळ्या घेणाऱ्याला हा फरक दर महिन्याला जाणवतो.

फुकट दिलं की लोक उगाच धावतात, हा आणखी एक आक्षेप. यावर खरा प्रयोग झालेला आहे. १९७४ ते १९८२ या काळात अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेनं कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या योजनांत घातलं. ज्यांना खिशातून वाटा द्यावा लागला, त्यांनी उपचार कमी घेतले. पण नको असलेले आणि हवे असलेले, दोन्ही सारखेच कमी झाले. सरासरी माणसाच्या तब्येतीत फारसा फरक पडला नाही, मात्र उच्च रक्तदाब असलेल्या गरिबांना मोफत योजनेत स्पष्ट फायदा झाला. २००८ मध्ये ओरेगन राज्यानं गरिबांच्या विम्यातल्या मोजक्या जागा सोडतीनं वाटल्या, तेव्हाही असंच संमिश्र चित्र दिसलं. दोन वर्षांत रक्तदाब आणि साखरेत ठळक सुधारणा आढळली नाही, तातडीच्या विभागातली गर्दी वाढली. पण नैराश्य कमी झालं आणि उपचारांच्या खर्चानं कंबरडं मोडायचं जवळजवळ थांबलं. विमा पैशाच्या संकटातून आधी वाचवतो, आरोग्य त्यामागून आणि हळूहळू येतं. समर्थकांनी एवढंच वचन द्यावं.

म्हणून मला जपानची पद्धत पटते. बहुतेकांनी बिलाचा ३० टक्के वाटा द्यायचा, पण महिन्याच्या एका कमाल मर्यादेपर्यंतच, आणि ती मर्यादा उत्पन्न पाहून ठरवायची.

पैसा कुठून आणायचा

इथं मात्र देशादेशांत उत्तर बदलतं. जर्मनीनं १८८३ मध्ये कामगारांपासून सुरुवात केली. आज तिथं पगाराच्या १४.६ टक्के मूळ हप्ता मालक आणि कामगार निम्मा निम्मा भरतात, वर थोडा जादा हप्ता असतो. पगारपत्रक असलेल्यांचंच हे चालतं. दक्षिण कोरियानं १९७७ मध्ये ५०० हून जास्त कामगारांच्या कंपन्यांपासून प्रारंभ करून १९८९ मध्ये सगळ्यांना गाठलं, आणि शेकडो छोटे निधी २००० मध्ये एकत्र केले.

ज्या देशात बहुतेकांना ठरलेला पगारच नसतो, तिथं ही वाट धरली तर संघटित नोकरदार आत आणि बाकीचे वर्षानुवर्षं दारात. अशा देशासाठी थायलंडचा धडा जास्त कामाचा आहे. २००२ च्या कायद्यानं नोकरदार आणि सरकारी सेवकांच्या विम्याबाहेर राहिलेल्या सगळ्यांना करातून संरक्षण मिळालं. दर भेटीला फक्त ३० बात (थायलंडचं चलन) द्यायचे, आणि रुग्णालयांना नोंदलेल्या माणसांमागे ठरावीक रक्कम. त्याआधी दोन दशकं तिथं ग्रामीण भागातली रुग्णालयं आणि आरोग्य केंद्रं बांधली जात होती, हे सांगायचं बरेचदा राहून जातं. करातून चालणाऱ्या योजनेची दुबळी बाजू म्हणजे ती दरवर्षी अर्थसंकल्पाच्या दारात उभी असते.

कोणत्या स्थितीत काय

पगारदारांचा देश असेल आणि विमा निधी किंवा कंपन्या आधीच रुजलेल्या असतील, तर त्या मोडण्यात शक्ती घालवू नये. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून विमा सक्तीचा आहे, मूळ विम्यावर कंपनीला नफा घेता येत नाही आणि कुणाला नाकारताही येत नाही. तिथल्या मतदारांनी २०१४ मध्ये एकच सरकारी विमा आणायचा प्रस्ताव मोठ्या फरकानं नाकारला. हप्ते चढे असल्याची तक्रार तिथंही आहे, पण विम्याविना कुणी नाही. असंघटित कामगार जास्त असतील तर करातून पैसा आणि एकच खरेदीदार ही वाट मला जास्त सरळ वाटते. ऐच्छिक विम्याची शिफारस मात्र मी कोणत्याच देशाला करू शकत नाही.

डॉक्टरांचा विरोध गृहीत धरावा. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात १ जुलै १९६२ ला योजना लागू झाली, त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले आणि २३ दिवस राहिले. तोडगा निघाला तो असा, की दवाखाना डॉक्टरचाच राहील आणि फक्त बिल सरकारकडे जाईल. पुढं सगळ्या देशानं हीच रचना उचलली.

मतदानाआधी मसुदा हाती आला, तर मी त्यात तीन कलमं शोधेन. उपचारांचे दर कोण आणि किती वर्षांनी ठरवणार. प्रत्येक उपचारासाठी किती थांबावं लागतं हे दर महिन्याला रुग्णालयागणिक जाहीर होणार का. आणि पहिल्या पाच वर्षांत किती डॉक्टर, परिचारिका आणि खाटा वाढवायच्या, त्यासाठी पैसा वेगळा काढून ठेवला आहे का. पहिली दोन नसतील तर ती घालून घेण्यासाठी मी भांडेन. तिसरं नसेल तर मसुदा परत पाठवेन.