सार्वजनिक विद्यापीठ की खासगी विद्यापीठ? प्राध्यापकाची ऑर्डर स्वीकारण्याआधी

नेट-सेट झालं आहे, पीएचडी हातात आहे किंवा आता व्हायवाच उरला आहे, आणि निवडीला दोन जागा आहेत. एक राज्याच्या मोठ्या सार्वजनिक विद्यापीठातल्या विभागात, दुसरी खासगी विद्यापीठात. अशा वेळी भेटेल तो सल्ला देतो. निम्मे म्हणतात, ‘सरकारी ते सरकारी’. उरलेले म्हणतात, ‘तिथे काहीच हलत नाही’. दोन्ही सल्ले अर्धवट आहेत, कारण नोकरी कोणाची हे विचारण्याआधी ती कोणत्या प्रकारची आहे हे विचारायला हवं.

नेमणूक कोणती?

सार्वजनिक विद्यापीठाच्या एकाच विभागात, एकाच कॉरिडॉरमध्ये चार प्रकारची माणसं शिकवत असतात. मंजूर पदावरचा पूर्णवेळ सहायक प्राध्यापक, अकरा महिन्यांच्या करारावरचा, विद्यापीठ निधीतून पगार घेणारा आणि तासिका तत्त्वावरचा, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच पैसे मिळणारा. वर्गात चौघांचं काम सारखंच असतं. बाकी सगळं वेगळं. मंजूर पदाचा पगार शासनाच्या अनुदानातून येतो. त्या पदाची बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव याची नोंद) तपासलेली असते, जाहिरात रीतसर निघालेली असते, निवड समितीवर कुलपतींनी म्हणजे राज्यपालांनी नेमलेला सदस्य असतो. परिविक्षा म्हणजे सुरुवातीचा चाचणी काळ संपला की तुम्हाला सहजासहजी कोणी काढू शकत नाही, आणि काढलंच तर विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. तासिका तत्त्वावर यातलं काहीच नाही. सुट्टीत तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, आणि झालेल्या तासांचं मानधनही पुष्कळदा महिनोन्‌महिने अडकतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. खासगी विद्यापीठातली पूर्णवेळ, नियमित वेतनश्रेणीतली जागा आणि सार्वजनिक विद्यापीठातली तासिका तत्त्वावरची जागा यांत निवड करायची असेल, तर खासगीत जा. ‘आत शिरलो की पुढे कायम होऊ’ या आशेवर उमेदीची वर्षं घालवलेली हुशार माणसं मराठी मुलखातल्या प्रत्येक विद्यापीठात भेटतात, आणि त्यांचं नुकसान कोणी भरून देत नाही. पद मंजूर आणि पूर्णवेळ असेल, तरच पुढची तुलना कामाची आहे.

पगार

मंजूर पदावर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे शैक्षणिक स्तर १० लागू होतो. मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता. पीएचडी असेल तर ४ वर्षांनी, पीएचडी आणि एमफिल दोन्ही नसतील तर ६ वर्षांनी पुढच्या स्तराला पात्र होता. उद्बोधन आणि उजळणी वर्ग, म्हणजे शिक्षकांसाठीची प्रशिक्षणं, मात्र वेळेवर उरकून घ्या, नाहीतर ते एक प्रमाणपत्र नाही म्हणून फाइल अडते. पदोन्नतीची प्रक्रिया लांबते, मग उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात वेतननिश्चिती लांबते, पण सारं नियमात बसलं तर लाभ पात्रतेच्या तारखेपासून मिळतो.

खासगीत सांगितलेला आकडा वार्षिक पॅकेजचा असतो. त्यात संस्थेचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असू शकते, तेव्हा दरमहा हातात किती पडणार ते लेखी विचारा. अभियांत्रिकी, व्यवस्थापन, डिझाइन अशा विषयांत काही खासगी विद्यापीठं सार्वजनिकपेक्षा चांगले पैसे देतात. भाषा आणि सामाजिक शास्त्रांत तसं क्वचितच घडतं. पेन्शनचा हिशेब करत असाल तर एवढं लक्षात ठेवा, की १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन आपोआप लागू नाही.

दिवस कसा जातो

कागदावर दोन्हीकडे बोट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमावलीकडेच दाखवलं जातं. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन, एकूण किमान ४० तास काम. खरा फरक उरलेल्या तासांत आहे.

आपली जुनी मोठी विद्यापीठं संलग्नता देणारी आहेत. १८५७चं मुंबई असो की १९४९चं पुणे, विभागातली मुलं हा कामाचा लहानसा भाग असतो. त्यापलीकडे शेकडो महाविद्यालयं आणि लाखो उत्तरपत्रिका. प्रश्नपत्रिका काढणं, मॉडरेशन, केंद्रीय मूल्यांकन, भरारी पथक, महाविद्यालयांच्या चौकशी समित्या, निवड समितीवर विषयतज्ज्ञ म्हणून जाणं हे सगळं प्राध्यापकाच्याच वाट्याला येतं. परीक्षा विभाग कोलमडला तर काय होतं ते मुंबई विद्यापीठात २०१७ साली सगळ्यांनी पाहिलं. ऑनस्क्रीन मूल्यांकन एका फटक्यात सगळीकडे लावलं, निकाल महिनोन्‌महिने रखडले, त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. त्या काळात रात्रंदिवस संगणकापुढे बसून उत्तरपत्रिका तपासत होते ते शिक्षकच होते.

खासगी विद्यापीठांना महाविद्यालयं संलग्न करता येत नाहीत, त्यामुळे हा बोजा तिथे नाही. वेळापत्रक पाळलं जातं, निकाल लागतात. त्याऐवजी प्रवेशाचा हंगाम असतो. मे-जूनमध्ये पालकांचे फोन, समुपदेशन, प्रवेश मेळावे हे शिक्षकांचंच काम मानलं जातं, आणि मुलांनी दिलेल्या फीडबॅकचे गुण पगारवाढीच्या बैठकीत समोर ठेवले जातात. नॅकची, म्हणजे संस्थांचा दर्जा ठरवणाऱ्या परिषदेची, कागदपत्रं दोन्हीकडे भरावी लागतात, तेव्हा त्यातून सुटका कुठेच नाही.

मला स्वतःला उत्तरपत्रिकांचं ओझं परवडतं, प्रवेशाचं नाही. पहिलं काम कितीही कंटाळवाणं असलं तरी शिक्षकाचंच आहे.

फाइल

सार्वजनिक विद्यापीठात नव्याने येणाऱ्याला सगळ्यात जास्त छळते ती फाइल. प्रयोगशाळेला एखादं यंत्र हवं असेल तर टिपणी, विभागप्रमुखांची सही, जेम हे सरकारी खरेदीचं पोर्टल किंवा निविदा, खरेदी समिती, वित्त विभागाचा शेरा, शेऱ्याला उत्तर. शिक्षकेतर पदंही रिक्त असतात. ज्या टेबलावर तुमचा कागद अडला आहे, तिथला लिपिक एकटा तीन टेबलांचं काम ओढत असतो. त्याच्यावर चिडून उपयोग नाही. कागद आधीच पूर्ण करून न्यायचा, आवक क्रमांक टिपून ठेवायचा, आणि ३१ मार्चपर्यंत खर्च करायचा निधी असेल तर ऑगस्टमध्येच हालचाल सुरू करायची. एवढं शिकायला एखाद-दोन वर्षं जातात.

खासगीत हेच काम संचालकांच्या एका ईमेलवर होऊ शकतं. नकारही तसाच एका ईमेलवर येतो, कारण न देता. सार्वजनिक विद्यापीठात नकाराला शेरा असतो, शेऱ्याला नियम असतो, आणि माहिती अधिकारात तो मागवता येतो. अधिसभा, विद्यापरिषद, अभ्यास मंडळ या ठिकाणी शिक्षकांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात. नवा अभ्यासक्रम तिथून पार पडायला वेळ लागतो, पण एकदा मंजूर झाला की वर्गात तुम्ही काय वाचायला देता, इतरांना अडचणीच्या वाटणाऱ्या कोणत्या विषयावर संशोधन करता, हे सहसा कोणी विचारत नाही. मानव्यविद्यांमधल्या माणसाला या एका गोष्टीसाठी बाकीचं बरंच सोसावंसं वाटतं.

संशोधनाच्या बाबतीत १ जानेवारी २०२५पासून एक मोठा फरक पडला आहे. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत केंद्र आणि राज्य शासनाच्या उच्चशिक्षण संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली. जिल्ह्याच्या ठिकाणच्या विद्यापीठात बसूनही आता महागडी जर्नल्स वाचता येतात. खासगी विद्यापीठ निवडताना त्यांचं ग्रंथालय नेमकं काय घेतं, हे विचाराच. उलट उपकरणांच्या बाबतीत, नवी प्रयोगशाळा लवकर उभी करायची असेल, तर पैसेवालं खासगी विद्यापीठ पुढे आहे.

मुलं

इथे मी तटस्थ राहू शकत नाही. सार्वजनिक विद्यापीठाच्या पदव्युत्तर वर्गात घरातली पहिलीच पदवीधर मुलगी बसलेली असते. कोणी ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करून वर्गात आलेलं असतं. संशोधक विद्यार्थी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीची वाट पाहत असतात आणि ती रखडली की घरभाड्याची चिंता घेऊन तुमच्याकडे येतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात, नांदेडला, जळगावला गेलात तर मुलं तालुक्यांतून आणि पाड्यांवरून आलेली दिसतील. त्यांना इंग्रजी संदर्भग्रंथ जड जातो, उत्तर ती मराठीत लिहितात, पण एखादा विचार पटला की त्यावर कँटीनमध्ये तासभर वाद घालतात. अशा वर्गाला शिकवायचं तर दोन भाषांत तयारी करावी लागते. मार्गदर्शक म्हणून सहायक प्राध्यापकाला एका वेळी चारच पीएचडी विद्यार्थी घेता येतात, आणि त्या चार जागांसाठी दारात उभी असलेली मुलं पाहिली की निवड करणं अवघड होतं.

खासगी विद्यापीठातही मेहनती मुलं असतात. त्यांची फी मोठी असल्यामुळे अपेक्षा वेगळ्या असतात, कल नोकरीकडे असतो, आणि उपस्थितीवरून पालक थेट तुम्हाला फोन करतात. वर्ग लहान असेल तर शिकवण्याचं समाधान तिथेही पुरेपूर मिळतं.

आधी खासगीत जाऊन पुढे सार्वजनिकमध्ये यायचं असेल, तर एक काळजी पहिल्या दिवसापासून घ्या. यूजीसीच्या नियमांत पूर्वीची सेवा धरताना संस्था खासगी की सरकारी असा भेद नाही. पात्रता, पदाची श्रेणी, निवडीची पद्धत आणि अर्ज योग्य मार्गाने आला की नाही हे मात्र तपासतात. म्हणून जाहिरातीचं कात्रण, निवड समितीचा तपशील असलेलं नियुक्तीपत्र, प्रत्येक महिन्याची वेतनचिठ्ठी आणि सोडताना कार्यमुक्तीचा आदेश जपून ठेवा. नवीन ठिकाणी अर्ज करताना तो आपल्या संस्थेमार्फतच पाठवा. यातला एक कागद कमी पडला तर खासगीतली सगळी वर्षं सेवेत धरली न जाता तुम्ही पुन्हा ५७,७००वर येऊन उभे राहू शकता.