फोमची बॅलन्स गादी आठ महिने वापरल्यावर: जवान सुधारला की गादी बसली?

वास्कोतल्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये ही गादी आठ महिने रोज पायांखाली आहे. लांबी-रुंदी साधारण ५० बाय ४१ सेंटीमीटर, जाडी ६. येणाऱ्यांत नौदलाचे जवान आणि माजी सैनिक बरेच, म्हणून कन्कशननंतर, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला धक्का लागल्यावर, तोल तपासणं हेच तिचं मुख्य काम.

तपासणी म्हणजे बेस (BESS) चाचणी, तोल सांभाळताना होणाऱ्या चुका मोजण्याची. बूट काढायचे, हात कमरेच्या हाडांवर, डोळे मिटलेले. आधी पाय जुळवून, मग कमी वापराच्या एका पायावर, मग तोच पाय मागे ठेवून एका रेषेत. तिन्ही प्रकार लादीवर, मग गादीवर, प्रत्येकी २० सेकंद. हात सुटला, डोळे उघडले, पाऊल पडलं, टाच किंवा चवडा उचलला, मांडी ३० अंशांपलीकडे गेली, किंवा ५ सेकंदांहून जास्त वेळ जागेवर येता आलं नाही, की एक चूक. दोन एकदम झाल्या तरी एकच धरा. एका फेरीत जास्तीत जास्त १०, एकूण ६०.

तगडा जवान लादीवर पायांच्या जोरावर निभावून नेतो. गादीवर मात्र तळपायाकडून येणारी खबर भरवशाची राहत नाही, डोळे मिटलेले, उरतो तो कानातला तोल. आधी बोटं फोममध्ये रुततात, घोटा आत-बाहेर डुलतो, आणि मग हात सुटतो. एक जण मोजायला, दुसरा पाठीशी सांभाळायला हवाच.

परेड किंवा पीटी करून आलेल्याला किमान २० मिनिटं बसवा, थकव्यानं चुका वाढतात. जुना मुरगळलेला घोटाही आकडा बिघडवतो. आणि मार लागल्यावर काही दिवसांत हा आकडा बऱ्याचदा पूर्ववत होतो, चक्कर तशीच असते. फक्त यावर ड्युटीला परत पाठवणं चूकच.

गादी कारण सांगत नाही, ही तिची मर्यादा. कुशीवर वळताना काही सेकंद गरगरत असेल तर मान तपासून डिक्स-हॉलपाइक करा, म्हणजे डोकं एका बाजूला वळवून झटकन आडवं करायची चाचणी. कानातले खडे सरकलेले असतील तर एप्ली, म्हणजे डोकं ठरावीक क्रमानं वळवून ते जागेवर आणणं. तिथं गादीचं काम नाही. डोकं हलवताना दिसणं धूसर होत असेल तर हात लांब करून अंगठ्यावर नजर रोखायची आणि मान डावी-उजवी हलवायची, १ मिनिट, दिवसातून ३ ते ५ वेळा. आधी बसून, मग उभं राहून, शेवटी गादीवर. त्यानं स्वतः १० पैकी सांगितलेली चक्कर २ नं वाढली तर वेग कमी करा. पुढचा टप्पा एका रेषेत चालत १०० मधून ७-७ वजा करणं, कारण जहाजाच्या शिडीवर चढताना जवानाला आदेशही ऐकावा लागतो. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या होत राहिल्या किंवा हातपाय लुळे वाटले, तर व्यायाम नाही, थेट इस्पितळ.

आता टिकाऊपणा. पावसाळ्यात ओलसर लादीवर गादी सरकते, खाली रबरी चटई घाला. घाम साबणाच्या पाण्यानं पुसून सावलीत वाळवा, उन्हात नको. मधला भाग दबत जातो, वजनदार माणसाची टाच जमिनीला टेकायला लागते आणि चुका आपोआप कमी होतात. महिन्याला पट्टीनं मधली जाडी मोजा, तारीख लिहून ठेवा. नवी आली तरी जुनी लगेच टाकू नका. उपचार चालू असलेल्या जवानाला एकदा दोन्हींवर उभं करून आकडे शेजारी-शेजारी लिहा, म्हणजे जवान सुधारला की गादी बसली ते कळेल.