रेटलिस्ट नेमकी कुठली खरी? चार मार्केटिंग टीम आणि चार सॉफ्टवेअर

मागच्या लग्नसराईत हैदराबादच्या एका पार्टीला आमच्याच कंपनीतून एकाच टॉवेलचे दोन भाव गेले. एक घाऊक टीमने दिला, दुसरा ऑनलाइनवाल्यांनी. माल तोच, ३० बाय ६० इंचांचा, जीएसएम म्हणजे कापडाचं वजनही तेच. पार्टीने कमी भावाचा स्क्रीनशॉट पाठवला, खाली फक्त एक हसरी स्मायली. "नवी लिस्ट ग्रुपवर टाकली होती की!" हे वाक्य त्या दिवशी मी पाच जणांकडून ऐकलं.

आमच्या सोलापुरात अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत अशा बऱ्याच कंपन्या आहेत, जिथे घाऊक, निर्यात, शाळेचे गणवेश आणि ऑनलाइन अशा वेगवेगळ्या टीम एकाच छताखाली बसतात आणि एकमेकींची माहिती व्यापाऱ्याकडून कळते. त्या स्क्रीनशॉटनंतर सगळ्या टीमची माहिती एका जागी ठेवायला आम्ही चार सॉफ्टवेअर चालवून बघितली : गूगल वर्कस्पेस, नोशन, कन्फ्लुएन्स आणि बुकस्टॅक. तुम्ही याच निर्णयावर अडला असाल तर आमचा अनुभव कामी येईल.

आधी व्हॉट्सअ‍ॅपचं बोलू, कारण ते कुणी सोडणार नाही. एका ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, फोटो क्षणात जातो. पण व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे टेम्पो; माल पोचवेल, साठवणार नाही. त्याला गोदाम समजलं की गोंधळ सुरू.

फाइल कुणाच्या नावावर?

माझ्या मते पहिला प्रश्न हाच, आणि बहुतेक जण तो शेवटी विचारतात. आमच्याकडे एका डिझायनरने प्रदर्शनाचे सगळे फोटो स्वतःच्या जीमेलच्या ड्राइव्हवर ठेवले होते. तो नोकरी सोडून पुण्याला गेला. फुकटच्या खात्यात मेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबी जागा. ती भरल्यावर त्याने जुनं फोल्डर उडवलं. त्याची चूक काय? खातं त्याचं, फाइल त्याची.

वर्कस्पेसमध्ये 'शेअर्ड ड्राइव्ह' घेतलं की फाइल माणसाची न राहता कंपनीची होते. मात्र सगळ्यांत स्वस्त स्टार्टर योजनेत ही सोय पूर्वी नव्हती, म्हणून योजना घेण्याआधी ती आहे का ते तपासा. दोन पैसे वाचवायला स्टार्टर घेऊन मग पस्तावलेले लोक मला माहीत आहेत. नोशन आणि कन्फ्लुएन्समध्ये पान मुळातच टीमच्या जागेत तयार करता येतं, त्यामुळे ही भानगड कमी. बुकस्टॅकमध्ये तर सर्व्हरच तुमचा.

शोधलं की सापडतं का?

इथे सोलापूरची स्वतःची गंमत आहे. आमच्या ऑफिसात एकच वस्तू कुणी 'चादर' लिहितो, कुणी 'चद्दर', आणि पूर्व भागातली तेलुगू बोलणारी पोरं तीच इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. कुठलंही सॉफ्टवेअर हे तिन्ही आपणहून एक धरेल यावर विसंबू नका. प्रत्येक मालाच्या पानावर तिन्ही स्पेलिंगं एका ओळीत टाकून ठेवा.

त्याहून मोठी अडचण जुन्या ब्रोशरची. आपले डीटीपीवाले वर्षानुवर्षं कोरलड्रॉमध्ये श्रीलिपीसारख्या फॉन्टवर काम करतात. छापील कागद सुंदर दिसतो, पण तो मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकाला कळणाऱ्या अक्षरांत, नसतो. कॉपी केला तर अगम्य चिन्हं येतात आणि शोधला तर काहीच मिळत नाही. इथे गूगल पुढे गेलं. अशा पानाचा फोटो काढून ड्राइव्हवर टाकायचा आणि गूगल डॉक्समध्ये उघडायचा, की मराठी मजकूर बऱ्यापैकी वाचून काढतो. जोडाक्षरं तपासावी लागतात, पण पूर्ण टाइप करण्यापेक्षा बरं.

कुंपण

निर्यातीचा भाव घाऊकवाल्यांना दिसू नये, ही मालकांची अट. कन्फ्लुएन्स इथे सगळ्यांत भक्कम वाटलं : प्रत्येक टीमची वेगळी 'स्पेस', आणि त्यातल्या एखाद्या पानालाही वेगळं कुलूप. नोशनचे तक्ते मात्र मोहात पाडतात. एकाच माहितीची यादी, फोटोंची गॅलरी, कामाचा बोर्ड असं हवं तसं रूप घ्या. ऑनलाइन टीमची मुलं तर प्रेमातच पडली. पण तक्त्यातला भावाचा रकाना नजरेआड केला म्हणजे तो लपला असं नाही. ज्याला तक्ता उघडता येतो त्याला तो परत दिसू शकतो. गूगल शीटमधल्या लपवलेल्या रकान्याचंही तसंच, फाइलची कॉपी काढली की उघडा. गोपनीय भाव वेगळ्या फाइलमध्येच ठेवा, सॉफ्टवेअर कुठलंही असो.

पैसे आणि माणसं

कन्फ्लुएन्स १० जणांपर्यंत मोफत आहे. चार टीम म्हटल्यावर १० नावं पहिल्या चहालाच संपतात. नोशनच्या मोफत योजनेत टीम झाली की मजकुराला मर्यादा येते, आणि पानाचा जुना इतिहास फक्त ७ दिवसांचा मिळतो. दोन्हीकडे पुढे माणशी पैसे, म्हणजे कधीतरीच माहिती बघणाऱ्या डिस्पॅचच्या माणसाचेही.

बुकस्टॅक फुकट आणि मुक्तस्रोत. त्याची मांडणी शेल्फ, पुस्तक, प्रकरण, पान अशी आहे, आणि आमच्या जुन्या मॅनेजरकाकांना न शिकवता कळलेलं हे एकमेव सॉफ्टवेअर. पण सर्व्हर सांभाळणारा, बॅकअप घेणारा माणूस हवा. ते ऑफिसातल्या संगणकावर चालवलं आणि वीज गेली, तर हैदराबादला पार्टीसमोर बसलेला आपला प्रतिनिधी काय उघडणार? भाड्याचा सर्व्हर घेतला तरी जड फोटो-व्हिडिओंसाठी ते बनलेलं नाही.

मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटचं, म्हणजे त्यांच्या फाइली-माहिती ठेवायच्या जागेचं, एवढंच : मायक्रोसॉफ्ट ३६५ चे पैसे आधीच भरत असाल तर नवं काही घेण्यापूर्वी ते वापरून बघा.

निघता येईल ना?

फेसबुकवाल्या मेटासारख्या कंपनीनेही ऑफिसांसाठीचं आपलं 'वर्कप्लेस' हे सॉफ्टवेअर बंद करत असल्याचं मे २०२४ मध्ये जाहीर केलं. कन्फ्लुएन्स स्वतःच्या मशीनवर चालवायची सर्व्हर आवृत्ती होती, तिचा आधार १५ फेब्रुवारी २०२४ ला संपला. म्हणून चाचणीतच सगळी माहिती एकदा बाहेर काढून बघा. आमच्या चारही पर्यायांतून ती निघते. पण नोशनमधून काढलेली सीएसव्ही (साध्या तक्त्याची) फाइल उघडल्यावर तक्त्यांचे आपसातले दुवे नुसते मजकूर होऊन आलेले बघून ऑनलाइनवाली मुलं जरा गप्प झाली.

आम्ही शेवटी वर्कस्पेस घेतलं. सगळ्यांत चांगलं म्हणून नाही. फोटो जास्त, लिखाण कमी, आणि सगळ्यांना जीमेल येतं म्हणून. निर्यात टीमने स्वतःपुरतं कन्फ्लुएन्स मागितलं. परदेशी ग्राहकांच्या अटी, टेस्ट रिपोर्ट, फ्रँकफर्टच्या प्रदर्शनाचा पाठपुरावा असं लांबलचक लिखाण त्यांचं असतं, त्यांची मागणी रास्तच होती. तुमची निर्यात मोठी असेल आणि लिहिणारी माणसं असतील तर उलट कन्फ्लुएन्सच घ्या, सगळ्यांसाठी घ्या. आम्ही मात्र नाही म्हटलं, कारण दोन ठिकाणं झाली की परत दोन रेटलिस्ट.

आता ग्रुपवर पीडीएफ टाकायला बंदी आहे, फक्त लिंक टाकायची. घाऊक टीममधले एक अण्णा अजूनही लिस्टची प्रिंट काढून खिशात ठेवतात. प्रिंटवर तारीख येते तेवढी व्यवस्था मी करून ठेवली आहे.